आधी शिपाई, मग पायपर

ब्रिटिश सैन्यातील स्कॉटिश पलटणींमध्ये बॅगपाइप वाजवणाऱ्या शिपायाला ‘पायपर’ म्हणतात. संचलनात तो सर्वांच्या पुढे चालतो, रंगीत चित्रांत आणि पोस्टकार्डांवर तोच ठळकपणे दिसतो आणि युद्धांच्या इतिहासातही त्याच्या वाट्याला मोजकी पण झगझगीत पाने येतात. लष्कराच्या दप्तरात मात्र तो पायदळातला शिपाईच असतो, आणि पगार, बढती, निवृत्तिवेतन हे सारे त्या हिशेबानेच ठरते. म्हणून पायपरची लष्करी कारकीर्द पाहायची, तर ज्या पाच-दहा मिनिटांनी त्याला कीर्ती मिळवून दिली त्यांच्यापाशी थांबून चालत नाही. त्या मिनिटांच्या आधीची बरॅकीतली वर्षे आणि नंतरची पोटापाण्याच्या विवंचनेची वर्षेही पाहावी लागतात. जॉर्ज फिंडलेटर आणि डॅनियल लेडलॉ या दोन पायपरांची चरित्रे या दृष्टीने फार बोलकी आहेत. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश सैन्यातील सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, दोघांच्याही नोकरीचा काही काळ हिंदुस्थानात गेला, त्यांपैकी एकाचा मुंबईच्या प्लेगशी संबंध आला, आणि पुढे विलक्षण योगायोगाने दोघेही चाळिशी ओलांडल्यावर एकाच लढाईत जखमी झाले.

सैन्यात पायपर आला तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखातून, म्हणजे हायलँड्समधून. तेथील कुळांच्या सरदारांकडे वंशपरंपरेने पायपर असत, आणि स्काय बेटावरील मॅक्लाउड सरदारांच्या पदरी असलेले मॅक्रिमन घराणे हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत स्ट्युअर्ट राजघराण्याच्या बाजूने उठलेल्या बंडाचा बीमोड झाल्यावर सरकारने बॅगपाइपवर कायद्याने बंदी घातली, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. परंतु त्या वेळच्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्यात बॅगपाइपचा उल्लेखच नाही. या समजुतीमागे आहे तो एक खटला. जेम्स रीड नावाच्या पायपरने आपण हत्यार हाती धरलेच नाही, केवळ पाइप वाजवला, असा बचाव केला, तेव्हा हायलँडची पलटण पायपरशिवाय कूच करीत नाही, सबब पाइप हेही युद्धाचेच साधन होय, असे यॉर्क येथील न्यायालयाने ठरवले आणि रीडला फाशी झाली. पुढच्या काही दशकांत त्याच सरकारने हायलँड्समध्ये एकामागून एक पलटणी उभारल्या आणि त्यांच्याबरोबर पायपरही ब्रिटिश सैन्यात शिरले.

तरीही बराच काळ सरकारी मंजुरीत पायपरची जागाच नव्हती. अधिकारी मंडळी त्याची नोंद ढोल वाजवणारा म्हणून करीत आणि त्याच्या पाइपचा व पोषाखाचा वरखर्च आपसांत वर्गणी काढून भागवीत. १८०८ मध्ये पोर्तुगालमधील व्हिमेरोच्या लढाईत ७१ व्या पलटणीचा जॉर्ज क्लार्क जखमी होऊन खाली बसला तरी वाजवत राहिला, तर १८१५ मध्ये वॉटर्लू येथे ७९ व्या पलटणीचा केनेथ मॅके घोडदळाचा हल्ला अंगावर येत असताना आपल्या शिपायांच्या चौकोनी व्यूहाबाहेर जाऊन वाजवत होता; या कथा सैन्यात तोंडोतोंडी झाल्या होत्या, पण त्यांमुळे हिशेबाच्या वहीत फरक पडला नाही. १८५४ साली युद्धखात्याने हायलँड पलटणींना प्रत्येकी एक पाइप मेजर आणि पाच पायपर अधिकृतपणे मंजूर केले, आणि दक्षिण स्कॉटलंडमधील म्हणजे लोलँड पलटणींना ही मान्यता त्यानंतर मिळाली. पाइप मेजर हा शब्द ऐकून मोठ्या हुद्द्याचा भास होतो, परंतु मेजर या अधिकारपदाशी त्याचा काही संबंध नाही. ती एक नेमणूक आहे, आणि ती धारण करणारा माणूस हुद्द्याने बहुधा सार्जंट किंवा त्याच्या जरा वरचा असतो.

हे वाद्य रणांगणावर का टिकले, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. डाव्या काखेत धरलेली कातड्याची पिशवी तोंडाने फुंकून भरायची आणि कोपराने दाबत राहायची, म्हणजे वादकाने श्वास घेतला तरी हवेचा प्रवाह तुटत नाही. पिशवीतून खाली येणारी, भोके असलेली नळी ती चँटर. तिच्यावर बोटे फिरवून चाल वाजते. खांद्यावर टेकलेल्या तीन उभ्या नळ्या म्हणजे ड्रोन; सनईवादनात एक जण सुरावट वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरून असतो, त्यातले दुसरे काम येथे त्याच वादकाच्या खांद्यावरच्या या तीन नळ्या करतात. चँटरमध्ये दुहेरी पत्ती असते, ड्रोनमध्ये एकेरी, आणि दोन्ही परंपरेने बोरूच्या जातीच्या गवतापासून बनवतात. चँटरवर एकूण नऊच स्वर निघतात, आवाज लहानमोठा करता येत नाही आणि दोन स्वरांमध्ये थांबताही येत नाही, कारण हवा सतत वाहत असते. त्यामुळे एकच स्वर दोनदा वाजवायचा असला तरी मध्ये क्षणभर दुसरे बोट उचलून एक निसटता स्वर घालावा लागतो. या निसटत्या स्वरांची सफाई हीच पायपरची खरी परीक्षा समजली जाते. आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो, म्हणून उघड्या डोंगरात तो लांबवर ऐकू येतो.

अशा वाद्याची निगा राखणे हे पायपरच्या रोजच्या कामातले मोठे काम होते. नव्या पिशवीचे कातडे हवाबंद राहावे म्हणून तिच्या आत मध, काकवी यांसारख्या चिकट पदार्थांचे मिश्रण ओतून, ती चोळून मळून मुरवावी लागे. पत्ती श्वासाच्या ओलाव्याने फुगे, कोरड्या हवेत आक्रसे आणि थंडीत तिचा सूर उतरे, म्हणून वाजवण्यापूर्वी ड्रोनचे सांधे वरखाली सरकवत तिन्ही नळ्या चँटरशी जुळवण्यात बराच वेळ जाई. सीलोनच्या दमट छावणीत बसवलेली पत्ती पेशावरच्या उन्हाळ्यात निरुपयोगी ठरणार, हे उघडच आहे. नवशिक्याच्या हाती मात्र पूर्ण पाइप लवकर येत नसे. पिशवी नसलेल्या हलक्या आवाजाच्या सरावाच्या चँटरवर महिनोन् महिने बोटे बसवल्यावरच त्याला पिशवी सांभाळायला मिळे, आणि आजही हाच क्रम आहे.

शांततेच्या काळात पलटणीचा दिवस पायपरच्या चालींनी आखलेला असे. पहाटे शिपायांना उठवण्यासाठी वाजणारी ‘हे जॉनी कोप’ ही चाल १७४५ मधील प्रेस्टनपॅन्सच्या लढाईत पळालेल्या इंग्रज सेनापतीची टर उडवणारी आहे, आणि ब्रिटिश सैन्याच्या छावणीत तीच रोज सकाळी वाजावी यातला विरोधाभास कोणाला खटकत नाही. जेवणाची, हजेरीची, दिवे मालवण्याची अशा वेगवेगळ्या चाली ठरलेल्या असत. अधिकाऱ्यांच्या मेजवानीनंतर पायपर टेबलाभोवती फेरी घालीत, आणि कोणी मरण पावल्यास ‘फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट’ हा विलाप वाजे. हा विलाप अंत्यविधीखेरीज इतर वेळी जाहीरपणे वाजवायचा नाही, असा अलिखित दंडक पायपर आजही पाळतात. या कामांखेरीज गोळीबाराचा सराव, लांब पल्ल्याच्या कूच आणि पहारे यांतून बहुतेकांची सुटका नसे.

फिंडलेटरची नोकरी पाहिली म्हणजे ‘आधी शिपाई’ या शब्दांचा अर्थ कळतो. त्याचा जन्म १८७२ साली ॲबर्डीनशायरमधील फोर्ग येथे, अकरा भावंडांच्या कुटुंबात झाला; शाळा लवकर सुटली, काही काळ शेतमजुरी केली आणि १८८८ मध्ये सोळाव्या वर्षी तो गॉर्डन हायलँडर्स या पलटणीत भरती झाला. प्रथम आयर्लंड, मग सीलोन आणि तेथून हिंदुस्थान असा तो फिरला. १८९५ मध्ये चित्रळच्या किल्ल्यात अडकलेल्या तुकडीच्या सुटकेसाठी जी मोहीम निघाली, तीत मलाकंद खिंडीवरच्या चढाईत एक गोळी त्याच्या शिरस्त्राणाला लागून गेली. त्या वेळी तो बंदूक घेऊन लढणारा साधा शिपाई होता. पलटणीचा पायपर म्हणून त्याची नेमणूक झाली ती १८९६ च्या डिसेंबरात, म्हणजे भरतीनंतर आठ वर्षांनी.

त्यानंतर वर्षही पुरे झाले नसताना वायव्य सरहद्दीवर, आजच्या पाकिस्तानातील खैबर पख्तुनख्वा प्रांतात, आफ्रिदी आणि ओरकझाई टोळ्यांविरुद्ध तिराहची मोहीम सुरू झाली. दरगाईच्या उंच कड्यावरचा मारा चुकवल्याशिवाय ब्रिटिश फौजेला पुढे सरकता येत नव्हते. विशेष म्हणजे हा कडा १८ ऑक्टोबर १८९७ रोजी एकदा जिंकला होता आणि तो धरून ठेवणे शक्य नाही असे ठरवून त्याच दिवशी सोडूनही दिला होता. टोळीवाल्यांनी तो अधिक संख्येने पुन्हा व्यापला, आणि दोन दिवसांनी तोच कडा दुसऱ्यांदा घेण्याची वेळ आली. सेनापतींच्या या निर्णयाची किंमत शिपायांनी मोजली. २० ऑक्टोबरला गुरखे, डॉर्सेटशायर आणि डर्बीशायर या पलटणींचे हल्ले कड्याखालच्या उघड्या पट्ट्यात गोळ्यांच्या वर्षावात अडकून पडले, तेव्हा गॉर्डन हायलँडर्सना पुढे पाठवण्यात आले आणि तिसऱ्या शीख पलटणीने त्यांना साथ दिली. पुढे धावणाऱ्या पायपरांमध्ये फिंडलेटर होता. त्याच्या घोट्यात गोळी घुसली, उभे राहता येईना, तेव्हा तो एका खडकाला टेकून बसला आणि रक्त वाहत असताना वाजवत राहिला, आणि अखेर कडा सर झाला.

या प्रसंगाची बातमी ब्रिटनमध्ये पोहोचली ती त्याने ‘कॉक ओ’ द नॉर्थ’ ही पलटणीची चाल वाजवली अशा स्वरूपात, आणि चित्रकारांनी व वर्तमानपत्रांनी तीच पक्की केली. फिंडलेटरने स्वतः सांगितले ते वेगळे होते: चढाईच्या धावत्या गतीला अधिक साजेल म्हणून त्याने ‘हॉज ऑफ क्रॉमडेल’ ही जलद चाल निवडली होती. जखमी अवस्थेतही चालीच्या लयीचा विचार करणारा वादक, हा तपशील लोकप्रिय दंतकथेपेक्षा कितीतरी मोलाचा आहे, पण दंतकथेने तो बाजूला सारला.

मे १८९८ मध्ये नेटली येथील लष्करी इस्पितळात राणी व्हिक्टोरियाने त्याला पदक दिले. पाय अधू झाल्याने सैन्यातील नोकरी संपली, आणि पदकाबरोबर मिळणारे वर्षासन होते १० पौंड. लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहाने त्याला पाइप वाजवण्यासाठी दर आठवड्याला त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम देऊ केली. अल्हाम्ब्रा हे ‘म्युझिक हॉल’ म्हणजे गाणी, नकला आणि कसरती यांचा मिश्र कार्यक्रम होणारे ठिकाण. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्याने तेथे उभे राहावे यात सैन्याची मानहानी होते, असे अधिकारीवर्गाला वाटले आणि वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला. फिंडलेटरची बाजू सरळ होती: त्याला पोट भरायचे होते. सैन्याच्या प्रतिष्ठेची चिंता वाहणाऱ्यांनी त्या १० पौंडांचा विचार आधी केला असता, तर हा वाद उद्भवलाच नसता, असे म्हणणे भाग आहे. त्याच वर्षी निघालेल्या राजाज्ञेने गरजू मानकऱ्यांचे वर्षासन ५० पौंडांपर्यंत वाढवण्याची तरतूद केली. फिंडलेटरने लग्न केले आणि तो टरिफजवळच्या केर्नहिल येथे शेती करू लागला.

लेडलॉची वाट आणखी वळणाची होती. १८७५ मध्ये बर्विकशायरमधील लिटल स्विंटन येथे जन्मलेला हा तरुण १८९६ साली भरती झाला तो स्कॉटिश पलटणीत नव्हे, तर डरहॅम लाइट इन्फन्ट्री या इंग्रज पलटणीत, आणि तिच्याबरोबर हिंदुस्थानात आला. १८९८ मध्ये मुंबईच्या प्लेगच्या साथीत केलेल्या कामाबद्दल त्याला प्रशस्तिपत्र मिळाले. स्कॉटिश चरित्रकारांच्या लेखी ही एका ओळीची नोंद आहे. मराठी वाचकाला मात्र ती ओळ ओलांडून सहज पुढे जाता येत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात उघडकीस आलेली ही साथ आवरण्यासाठी सरकारने घरे तपासणे, रोग्यांना आणि त्यांच्या सहवासातील माणसांना वेगळे काढणे, सामान जाळणे असे कठोर उपाय योजले. पुण्यात गोऱ्या शिपायांच्या घरझडत्यांमुळे लोकांत जो संताप उसळला, त्यातूनच २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि मार्च १८९८ मध्ये मुंबईतही प्लेगच्या तपासणीवरून दंगल झाली. ज्या कामाचे प्रशस्तिपत्र शिपाई जपून ठेवतो, त्याच कामाची आठवण त्या शहरातील कुटुंबे निराळ्या भावनेने जपतात, हे वसाहतीच्या लष्करी चरित्रांत नेहमीच ध्यानात ठेवावे लागते.

त्याच वर्षी लेडलॉची पलटण बदलली, तीही तेव्हाच्या एका खास रिवाजामुळे. एकाच सैन्यात दोन भाऊ वेगवेगळ्या पलटणींत असतील, तर थोरल्याला धाकट्याची मागणी करून त्याला आपल्या पलटणीत घेता येत असे. लेडलॉचा थोरला भाऊ किंग्ज ओन स्कॉटिश बॉर्डरर्स या दक्षिण सीमाभागातील पलटणीत होता. त्याने धाकट्याला मागून घेतले आणि डॅनियल तेथे पायपर झाला. १९१२ पर्यंत त्याने ही नोकरी केली आणि मग तो राखीव दलात गेला. महायुद्ध सुरू झाल्यावर १ सप्टेंबर १९१४ रोजी तो पुन्हा भरती झाला. त्याला पलटणीची सातवी बटालियन मिळाली. फिंडलेटरनेही त्याच काळात शेती सोडून पुन्हा गणवेश चढवला आणि तो गॉर्डन हायलँडर्सच्या नवव्या बटालियनमध्ये सार्जंट पायपर झाला. खणणे, रस्ते बांधणे, तारांची कुंपणे घालणे ही त्या बटालियनची मुख्य कामे. या दोन्ही बटालियन पंधराव्या स्कॉटिश डिव्हिजनमध्ये होत्या, आणि ही डिव्हिजन १९१५ च्या सप्टेंबरात उत्तर फ्रान्समधील लूस या खाणींच्या गावासमोर उभी होती.

लूसच्या लढाईत ब्रिटिशांनी प्रथमच विषारी वायू वापरला. २५ सप्टेंबरच्या पहाटे क्लोरीनच्या नळकांड्या उघडल्या, पण वारा मंद होता आणि काही ठिकाणी तो वायू ब्रिटिश खंदकांवरच रेंगाळला. वायूने गुदमरलेली आणि समोरून तोफांचा मारा खाणारी लेडलॉची तुकडी खंदकातून बाहेर पडायला कचरत होती. तेव्हा चाळीस वर्षांचा हा पायपर खंदकाच्या कठड्यावर चढला आणि येरझाऱ्या घालत ‘ब्लू बॉनेट्स ओव्हर द बॉर्डर’ ही पलटणीची चाल वाजवू लागला. पाइप फुंकायचा तर तोंड मोकळे हवे, म्हणजे वायूपासून बचाव करणारा बुरखा चढवून हे काम होत नाही. त्या सकाळच्या धाडसाचा हा भाग गौरवाच्या भाषणांत सहसा येत नाही. तुकडी बाहेर पडली, लेडलॉ तिच्याबरोबर पुढे गेला, त्याने ‘स्टँडर्ड ऑन द ब्रेज ओ’ मार’ ही दुसरी चाल धरली, आणि घोट्याला व पायाला जखमा होऊन चालणे अशक्य होईपर्यंत तो वाजवत राहिला. पंधराव्या डिव्हिजनने लूस गाव घेतले आणि पलीकडची सत्तर क्रमांकाची टेकडी गाठली, पण ती तिच्या हाती राहिली नाही. याच लढाईत फिंडलेटरही जखमी झाला आणि वर्षअखेरीस त्याला घरी पाठवण्यात आले.

लेडलॉला व्हिक्टोरिया क्रॉस आणि फ्रान्सचे क्रॉ द गेर ही पदके मिळाली, ‘लूसचा पायपर’ हे नाव त्याला चिकटले, तो सार्जंट पायपर झाला आणि १९१९ मध्ये सैन्यातून मोकळा झाला. १९२८ च्या ‘द गन्स ऑफ लूस’ या मूकपटात त्याने स्वतःचीच भूमिका केली. पण अनेक वर्षे त्याला स्थिर रोजगार मिळाला नाही. पुढे तो बर्विकजवळच्या शोर्सडीन या खेड्यात राहिला आणि १९५० मध्ये वारला. नॉरम येथील त्याच्या थडग्यावर नाव कोरलेला दगड बसवला गेला तो २००२ साली. फिंडलेटर त्याच्या आधी, १९४२ मध्ये, केर्नहिल येथे वारला.

लूसनंतर अशा प्रसंगांची संख्या वाढली नाही, घटली. १९१६ मध्ये सोमच्या आघाडीवर कॅनेडियन स्कॉटिश बटालियनच्या जेम्स रिचर्डसनने तारांच्या कुंपणापाशी अडकलेल्या आपल्या साथीदारांपुढे पाइप वाजवून त्यांना पुढे नेले, आणि नंतर मागे राहिलेला पाइप आणायला गेला तो परतलाच नाही. त्यालाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परंतु मशीनगनसमोर सर्वांच्या पुढे चालणारा, हातात बंदूक नसलेला माणूस किती वेळ टिकणार, हे सेनाधिकाऱ्यांच्या लवकर लक्षात आले. सर ब्रूस सीटन आणि जॉन ग्रँट यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द पाइप्स ऑफ वॉर’ या ग्रंथावरून नेहमी दिली जाणारी आकडेवारी अशी की महायुद्धातील सुमारे २५०० पायपरांपैकी ५०० मारले गेले आणि ६०० जखमी झाले. तयार पायपर घडायला अनेक वर्षे लागतात, तो असा गमावणे पलटणींना परवडणारे नव्हते. त्यामुळे बहुतेक बटालियननी पायपरांना आघाडीवर वाजवण्यापासून थांबवले आणि त्यांच्याकडे जखमींची वाहतूक, दारूगोळा पोहोचवणे, निरोप नेणे अशी कामे दिली. ही कामे वाजवण्यापेक्षा सुरक्षित होती असे मुळीच नाही. फक्त त्यांची चित्रे कोणी काढली नाहीत.

पायपरच्या कारकिर्दीची दुसरी बाजू म्हणजे त्याची रचनाकारी, आणि तिच्याकडे इतिहासकारांनी दुर्लक्ष केले असले तरी वादकांनी कधीच केले नाही. ज्या चाली आज जगभर वाजतात त्यांतल्या कितीतरी पलटणीतल्या पाइप मेजरांनी खंदकात किंवा छावणीत रचलेल्या आहेत. आठव्या आर्गाइल बटालियनचा पाइप मेजर विली लॉरी याने ‘बॅटल ऑफ द सोम’ ही संथ, हेलकावत जाणारी चाल रचली आणि त्याच वर्षी, १९१६ मध्ये, आजाराने त्याचा मृत्यू झाला. त्याच बटालियनमधील जॉन मॅक्लेलन याची ‘ब्लडी फील्ड्स ऑफ फ्लँडर्स’ ही चाल पुढे कवी हॅमिश हेंडरसन यांनी आपल्या एका गाजलेल्या गीतासाठी वापरली. गॉर्डन हायलँडर्सचा जी. एस. मॅक्लेनन हा तर सर्वश्रेष्ठ रचनाकारांत गणला जातो. तोही शिपाई म्हणूनच पलटणीत मोठा झाला आणि १९२२ मध्ये निवृत्त झाल्यावर ॲबर्डीनमध्ये पाइप बनवण्याच्या धंद्यात पडला. पायपरांना पद्धतशीर शिक्षण मिळावे म्हणून १९१० मध्ये पीब्रॉख सोसायटीच्या पुढाकाराने लष्करी वर्ग सुरू झाला होता. पीब्रॉख म्हणजे एका मूळ सुरावटीचा टप्प्याटप्प्याने विस्तार करत जाणारा, संचलनाशी संबंध नसलेला भारदस्त संगीतप्रकार. महायुद्धानंतर स्कॉट्स गार्ड्सचा पाइप मेजर विली रॉस याने एडिंबरच्या किल्ल्यात हा वर्ग जवळजवळ चार दशके चालवला आणि पलटणी-पलटणींच्या वाजवण्यातला फरक मोडून एक सर्वमान्य शैली रुजवली. या एकसारखेपणाने शिस्त आली हे खरे, पण जुन्या घराण्यांचे काही बारकावे त्यात हरवले, अशी तक्रार जाणकार करतात आणि ती निराधार नाही.

दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर पाइप वाजवण्यास मनाई होती. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या सोर्ड किनाऱ्यावर पायपर बिल मिलिन याने आपले सेनानी लॉर्ड लव्हट यांच्या सांगण्यावरून ती मोडली. ही बंदी इंग्रजांच्या युद्धखात्याची आहे आणि आपण दोघेही स्कॉटिश आहोत, असा लव्हट यांचा युक्तिवाद होता. वडिलांनी पहिल्या महायुद्धात वापरलेला किल्ट म्हणजे चुण्यांचा घागरेवजा पोषाख घालून मिलिन पाण्यात उतरला आणि वाळूवर येरझाऱ्या घालत वाजवत राहिला. हा माणूस वेडा असावा असे समजून आपण गोळी झाडली नाही, असे पुढे पकडलेल्या जर्मनांनी सांगितल्याची कथा तो सांगत असे. युद्धानंतर तो मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारक झाला.

वसाहतींच्या सैन्यांनी हे वाद्य केव्हाच उचलले होते. गुरखा आणि शीख पलटणींतून सुरू झालेली पाइप बँडची प्रथा स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्यात अधिकच पसरली. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचाही पाइप बँड आहे, आणि २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये निरनिराळ्या रेजिमेंटल केंद्रांचे पायपर एकत्र वाजवतात. युद्धकाळात त्यांच्याकडेही जखमींना उचलण्याचे काम येते. हे वाद्य बनवण्यातही उपखंड मागे नाही: पाकिस्तानातील सियालकोट हे त्याचे मोठे उत्पादनकेंद्र आहे.

ब्रिटनमध्ये जुन्या स्कॉटिश पलटणी २००६ साली एकत्र करून रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड स्थापन झाली. फिंडलेटरची गॉर्डन हायलँडर्स त्याआधीच, १९९४ मध्ये, दुसऱ्या पलटणीत विलीन झाली होती. लेडलॉची बॉर्डरर्स २००६ मध्ये गेली. आजचा पायपरही प्रथम पायदळाचे पूर्ण प्रशिक्षण घेतो आणि बटालियनमध्ये त्याच्या हाती बहुधा मशीनगन असते. एडिंबरमधील इंचड्रूअर हाऊस येथील लष्करी पाइप विद्यालयात त्याचे पुढचे शिक्षण होते, आणि पाइप मेजर व्हायचे तर तेथील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. या वाटेवरची सर्वांत मानाची नेमणूक म्हणजे राजघराण्याच्या पायपरची, जी १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने सुरू केली. तिचे तेव्हाचे मानकरी पाइप मेजर पॉल बर्न्स यांनी १९ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यविधीत ‘स्लीप डियरी स्लीप’ ही चाल वाजवली. मुळात ती पलटणीत रात्री दिवे मालवताना वाजणारी चाल आहे. अशा जागा मोजक्याच असल्याने बरेच कसलेले पायपर मध्यम वयात सैन्य सोडून शाळांत शिकवू लागतात किंवा मुलकी बँडमध्ये शिरतात. दर ऑगस्टमध्ये ग्लासगो येथे भरणाऱ्या जागतिक पाइप बँड स्पर्धेत बक्षिसे बहुतेक मुलकी बँडच नेतात. स्ट्रॅथक्लाइड पोलीस बँडने १९८१ पासून सलग सहा वेळा ती जिंकली होती. लष्करी बँडला तालमीला हवी तितकी सलग मुदत मिळत नाही, कारण बटालियन परदेशी मोहिमेवर निघाली की पायपरही तिच्याबरोबर निघतात.